नागपूरच्या कारागिराचा पत्ता

दुसरबीड,
१४ सप्टेंबर १९६७

प्रिय सिंधू,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. विहीणबाईंना धाकट्याच्या लग्नासाठी चौरंग करून घ्यायचा आहे आणि त्यांचं देवघर ज्याने केलं, त्या नागपूरच्या कारागिराचा पत्ता हवा आहे, असं तू लिहिलंस. रोज उत्तर लिहायला बसते नि उठते. तुझे बाबा जाऊन पाच महिने झाले, तरी सकाळी पडवीत रंधा चालल्यासारखा वाटतो आणि मी चहाला दोन कपांचं पाणी ठेवते.

ते पेन्शनीत निघाले तेव्हा मला वाटलं, इतके पूल बांधलेला इंजिनिअर, गावात मानाने बसेल. त्यांनी पडवीत सागाच्या फळ्या आणून टाकल्या. रुखमाबाई विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "काऊन वं विमलबाई, साहेब आता सुतार होऊन राह्यले का?" बाया हसल्या. घरी येऊन मी त्यांच्यावर चिडले, तर म्हणाले, "पुलावरून लोक निघून जातात वं. हे लेकीच्या घरी राह्यते." प्रत्येक वस्तूच्या तळाला ते पेन्सिलीने नाव आणि तारीख घालायचे, खात्यात नकाशावर घालायचे तशीच. मी वाचायला शिकले ती त्यांच्या बदलीच्या ट्रंकेवरचं नाव बघून. तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून डोळ्यांनी गिरवत बसायची.

बाबांनी केलेला बाळाचा पाळणा तुला आठवतोच. बाळाला बघायला आलेल्या विहीणबाईंनी त्याच्यावरून हात फिरवून विचारलं, कुठून आणला? मी चटकन म्हणाले, नागपूरहून. आतल्या खोलीतून तू काही बोलणार होतीस, मी डोळ्यांनी दटावलं. तुझे बाबा दारातच उभे होते, अंगावर भुसा. तो झटकत म्हणाले, "हाव, नागपूरले चांगले कारागीर हायेत." मग विहीणबाई म्हणाल्या, त्याच्याकडूनच आम्हाला एक देवघर मागवा.

तुला मी तेव्हा लिहिलं, बाबांचा हात आता कापतो, म्हणून देवघर खरंच नागपूरहून मागवलं. खोटं होतं ते. चार महिने ते पडवीत बसले. खिळा एक नाही, सगळे सांधे पटाशीने कोरलेले. हात कापायचाच, म्हणून मधे थांबायचे आणि पुन्हा धरायचे. झालं तेव्हा मीच म्हटलं, इथून गेलं तर तुझ्या सासरी अकोल्यात कळेल. म्हणून ते देवघर आधी माझ्या भावासोबत नागपूरला गेलं आणि तिथून मालगाडीने उलट अकोल्याला गेलं. पोत्यात बांधायच्या आधी त्यांनी ते पालथं केलं, कानावरची पेन्सिल काढली. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

मी एक शब्द बोलायला हवा होता, सिंधू. त्यानंतर दोन वर्षं ते होते, आणि तो शब्द मी तेव्हाही बोलले नाही. ते माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

आता मी सांगते तसं कर. हे पत्र विहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखव. त्या मला खोटारडी म्हणतील, तुलाही चार शब्द ऐकवतील. माझ्यामुळे ऐकून घे. त्यांना पटलं नाही तर पाळण्याचा तळ दाखव. मग देवघर पालथं करून त्यावर पेन्सिलीने बाबांचं नाव घाल. सोबत त्यांचीच पेन्सिल पाठवते आहे. चौरंग मात्र आता होणे नाही.

लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, ते आज लिहिते. कारागिराचा पत्ता असा: उकंडराव तुळशीराम देशमुख, मुक्काम दुसरबीड, जिल्हा बुलढाणा.

तुझीच,
आई