नीलांबरनचे भक्त

२ फेब्रुवारी, रविवार

आणखी एक फलक! आमच्याच फाटकाला, आणि मला न विचारता. वर नीलांबरनचं भलंमोठं डोकं, खाली काळे चष्मे लावलेल्या टोणग्यांची रांग. "गजसम्राट नीलांबरन — ही मान झुकणार नाही!" झुकेल कशी? हनुवटीखाली माहुताच्या काठीचं टोक असतं. पूरमच्या उत्सवात देवीपुढे दोन हत्ती शेजारी उभे करायचे आणि ज्याची मान जास्त वेळ उंच राहील तो जिंकला म्हणून नाचायचं. यांच्या हनुवटीला कुणी काठी टोचली तर हेही ताठ उभे राहतील. तेवढंच जरा बरं दिसेल.

या भक्तमंडळाचा अध्यक्ष शिबू. माझाच विद्यार्थी. तेव्हाही बाकावर चढून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचा. "टीचर, आमचं प्रेम आहे हो त्याच्यावर!" प्रेम! आजवर एक केळं हातात घेऊन आलेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नीलांबरन फणसाच्या झाडाला धडकला. ते झाड तो आमच्याकडे यायच्या आधीपासून तिथंच आहे. डाव्या डोळ्यात पांढरं पडलंय हे ठाऊक होतं. आज उजव्या डोळ्यासमोर छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पापणी लवली नाही.

माहुताला, कुंजनला, हाक मारली. तो कमरेच्या मुंडूचं टोक चुरगाळत उभा. "अम्मा, ओणमपासूनच दिसत नाही त्याला. माझ्या आवाजावर चालतो. मालकांना सांगितलं होतं मी."

मालक म्हणजे माझा मुलगा. हरींद्रन. ओणमपासून माहीत होतं, आणि तेव्हापासून किती उत्सव फिरवून आणला त्याला!

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना विषय काढला. आंधळ्या जिवाला ढोल, फटाके, मशाली आणि एवढ्या माणसांत नेऊन उभं करणार?

"अम्मे, त्याला तिथं बघायचंय काय? नुसतं उभं तर राहायचंय."

सांबार वाढून घेत म्हणाला. आणखी एक पापडही मागितला. याच्या वडिलांनी हत्ती आणला तेव्हा ते रोज सकाळी स्वतः त्याच्या पायांच्या भेगा बघायचे. हा फक्त फोनवर त्याचे फोटो बघतो. हा माझ्या पोटचा!

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटी देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि सगळ्या मंडळासमोर सांगून टाकलं. हत्ती पार आंधळा आहे. बिथरला तर पहिले तुम्हीच तुडवले जाल. देवाची नाही, निदान स्वतःच्या बरगड्यांची काळजी असेल असं वाटलं.

शिबूचा चेहरा उतरला. "काय सांगता टीचर! दोन्ही डोळे?" चक्क डोळे पुसले त्यानं. येताना मी स्वतःवर खूश होते. सुटला बिचारा नीलांबरन, असं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवा फलक.

"डोळे नाहीत, तरी देवी दिसते! भक्तशिरोमणी नीलांबरन."

हसावं की रडावं? सकाळपासून फाटकाशी गर्दी. बायका त्याच्या डोळ्याखालचं पाणी बोटावर घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावताहेत. एकीनं तिरळं पोर आणलं होतं, त्याच्या सोंडेखालून काढायला. आणखी देवस्थानांनी मागणी केली आहे. हरींद्रन आनंदानं फुलून आला — "अम्मे, तुझ्यामुळे झालं हे सगळं!" माझ्यासमोर पायसमची वाटी ठेवली. मी ती मांजराला घातली.

उभा जन्म या गावाला शिकवलं. वाचता येऊ लागलं, बाकी काही नाही. आणि मीही त्यांच्यातलीच. मूर्खांना आयतं कोलीत दिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जनावरांचा डॉक्टर आला. चहा प्याला, केळ्याचे वेफर्स खाल्ले, हत्तीकडे पाठ करून मिरवणुकीच्या दाखल्यावर सही केली. तब्येत ठणठणीत!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोचीच्या प्राणिमित्र संस्थेला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "अम्मा, व्हिडिओ पाठवाल? जखम, रक्त असं काही दिसलं पाहिजे."

म्हटलं, रक्त नाही, तो आंधळा आहे.

"मग लोक बघत नाहीत हो."

शिबूला गर्दी हवी, हिलाही गर्दीच हवी. फोन आपटला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

परवा पूरम. कुंजन त्याला तळ्यात आडवा करून नारळाच्या सोडणानं घासत होता. मी पायऱ्यांवर जाऊन बसले. काही बोलले नव्हते, तरी सोंड माझ्याकडे वळली. पदर हुंगला, हात हुंगला, मग शांत पडून राहिला. मला रडू आलं. कुणी पाहिलं नाही ते बरं.

१ मार्च, शनिवार

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा प्लास्टरमध्ये.

परवा तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. किंचाळले. नीलांबरन माझ्या आवाजाच्या रोखानं आला, चाचपडत, आणि सोंडेचा विळखा घालून मला अलगद वर घेऊ लागला. तेवढ्यात शिबूची माणसं धावत आली. "हत्तीनं मारलं! टीचरला मारलं!" हरींद्रन पांढराफटक. "अम्मे, यानं मारलं तुला?"

माणसाला जखमी करणारा हत्ती कुणी मिरवणुकीत घेत नाही.

"हो," मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यानंच फेकलं मला."

काल पूरम त्याच्याशिवाय पार पडलं. फलक शिबूनं स्वतःच्या हातानं फाडले. भक्तशिरोमणी एका दिवसात राक्षस झाला. आता कुठलंच देऊळ त्याला बोलावणार नाही. मला हवं होतं ते झालं.

कुंजन पलीकडच्या काठावर होता. त्यानं सगळं पाहिलं होतं, पण कुणाला काही बोलला नाही. आज सकाळी मला चहा द्यायला आला आणि दारातच थांबला.

"अम्मा, तुम्ही तसं म्हणालात तेव्हा तो तिथंच उभा होता. सगळं ऐकत होता."