आपल्या कालव्यावरची गर्दी

बाबा, आपल्या कालव्यावरच्या बोटी आता निम्म्याच राहिल्यात, आणि त्या कमी करण्यात माझा हात आहे. तुम्ही गेलात तेव्हा पायडलच्या चार-दोनच होत्या. नंतर ठेकेदार बदलला, हंसाच्या आकाराच्या आल्या, मागून मोटारीच्या आल्या. धरणापासून पहिल्या गेटपर्यंत जेवढं पाणी अडवलेलं असतं, तेवढ्यात रविवारी अशी दाटी व्हायची की एका बोटीचं नाक दुसरीच्या पाठीत. आदिलाबादहून, निर्मलहून, पार नांदेडहून गाड्या यायच्या. काठाच्या बांधावर, पाळीवर, मिरची भज्यांच्या कढया, भोंग्यावर तेलुगू गाणी, पाण्यावर तरंगणारी रिकामी पाकिटं. मला ते बघवत नसे. शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बायांना मी सांगायचे की घाण होते, गोंगाट होतो. दोन्ही खरंच होतं. पण खरी गोष्ट अशी की पाण्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटायचा, आणि तो काही आजचा नाही.

तुम्ही कालव्यावर लस्कर होतात. पाळीवरून फिरायचं, दारं उघडायची, लावायची, कुठं फुटलं-झिरपलं ते साहेबाला कळवायचं. खात्याची एक पत्र्याची नाव होती, ती तुमच्याच ताब्यात. डाक बंगल्यावर इंजिनिअर साहेबांचे पाहुणे उतरले की तुम्ही त्यांना त्या नावेतून पुलापर्यंत फिरवून आणायचात. मी पाळीवर उभी राहून बघायचे. एका रविवारी नवे साहेब बायको-मुलीला घेऊन आले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, पायात पांढरे मोजे. ती येण्याआधी मी जाऊन नावेत पुढच्या फळीवर बसले होते. नाव आपली आहे, असंच मला वाटायचं. तुम्ही वल्हं घेऊन आलात आणि सगळ्यांसमोर ओरडलात, "उतर खाली! तुह्या बापाची हाय काय नाव?"

मी उतरले. ती मुलगी माझ्या जागेवर बसली. तुम्ही तिला हात देऊन बसवलंत, वल्ह्यावर तिचे हात ठेवून कसं ओढायचं ते शिकवलंत, आणि ती चुकली की तुम्ही हसत होतात. घरी तुम्ही असे हसलेले मला आठवत नव्हते.

त्या रात्री मी जेवले नाही. आईनं चुलीपाशी तुम्हाला विचारलं, "लेकराले असं काऊन बोलले तुमी चार मानसांत?" दुसऱ्या दिवशी उजाडताच मला उठवलंत. आई मागून म्हणत होती, "साहेबानं पाह्यलं तं नौकरी जाईन." मला पुढच्या फळीवर बसवलंत आणि आपण पुलापर्यंत गेलो. अजून दिसतं मला ते. पाण्यावर वाफ आहे, कापसाच्या पऱ्हाटीत निंदणाऱ्या बाया कंबर ताठ करून आपल्याकडे बघताहेत, आणि मला वाटतंय की त्यांनी अजून बघावं. तुम्ही वल्हं माझ्या हातात दिलंत. पण साहेबाच्या मुलीला शिकवताना हसलात तसे हसला नाहीत. सारखे डाक बंगल्याकडे बघत होतात. तेव्हा मला राग आला होता. तुम्ही भीत होतात, हे कळायला मला स्वतःला नोकरी लागावी लागली.

पुढं नाव गंजून गेली, साहेब जीपनं फिरू लागले, तुम्ही रिटायर झालात आणि ठेकेदाराच्या बोटी आल्या. मला वाटलं, तुमचा जीव तुटेल. मी तेव्हा आदिलाबादला होते, तिथून बसनं आले, तर तुम्ही घाटावर उभे. ठेकेदारानं तुम्हाला लोकांना चढवायला-उतरवायला ठेवलं होतं. लुगडं सावरणाऱ्या म्हाताऱ्या, रडणारी पोरं, नवी जोडपी, सगळ्यांना हात देत होतात आणि हसत होतात. अगदी तसे. मी दुपारभर पाळीवर बसून राहिले. तुम्ही एकदा हात हलवलात, तेवढंच.

संध्याकाळी मी म्हटलं, "पेन्शन हाय ना, बाबा. काऊन करून राह्यले हे?"

"घरी बसून काय करू?" तुम्ही म्हणालात. "माह्या बापानं हा कालवा खंदला. टोपल्यानं माती वाह्यली. पन नावंत कोनी बसू देल्लं नाही त्याले. आता तिकीट काढलं का कोनीबी बसते. कोनाची लेक, इचारत नाही कोनी."

मला ते पटलं. शाळेत मुलांना मी हेच तर शिकवते. पण बाबा, मला तर कुणीतरी विचारायला हवं होतं की ही कोणाची लेक.

तुम्ही गेल्यावर गर्दी वाढतच गेली. यंदा सणाच्या सुट्टीत दोन बोटी एकमेकींवर आदळल्या आणि एक बाई पाण्यात पडली. पोरांनी तिला काढलं, वाचली. पण शाळेत सभा भरली, मंडलाचे तहसीलदार साहेब आले. खालच्या गावचे शेतकरी म्हणाले, बोटींसाठी पाणी अडवून ठेवतात, आमच्या रब्बीला उशिरा येतं. मग कुणीतरी म्हणालं, "लस्कराची लेक हाय, बाईले बोलू द्या." मी उठले आणि चांगलं बोलले. बोटी निम्म्या करा, वेळ ठरवा, भोंगे बंद करा. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात मागून एक बाई उठली. कापूस वेचायला जाणारी, तिची दोन्ही मुलं माझ्याच वर्गात.

"मॅडम, आमाले आत्ता कुठं बसाले भेटून राह्यलं, अन् तुमी म्हनता कमी करा. तुमी तं लहानपनीच बसल्या असान!"

सगळे हसले. मीही हसले. एकदाच बसले होते, आणि तेही चोरून, हे सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. साहेबांनी माझंच म्हणणं धरलं. खालच्या शेतांना यंदा पाणी वेळेवर पोचलं, हेही सांगते, म्हणजे सगळंच वाईट झालं असं तुम्हाला वाटू नये.

परवाच्या रविवारी मी बघायला गेले. पाणी शांत होतं, भोंगे नव्हते. पण बोटी कमी झाल्या म्हणून माणसं कमी झाली नव्हती. तिकिटाच्या खिडकीपासून पाळीवर लांब रांग लागली होती आणि तिच्या शेवटाला सभेतली ती बाई, दोन्ही मुलांना घेऊन, पदर डोक्यावर ओढून उन्हात उभी होती. पाच वाजता बोटी बंद होतात. तिचा नंबर लागणार नाही हे मला लांबूनच दिसत होतं. तेवढ्यात खिडकीतल्या माणसानं मला ओळखलं. "अरे, लस्कर चाचा की बेटी! आइए मॅडम, आपको लाइन की क्या ज़रूरत?" त्यानं रांग थांबवली, एक रिकामी होत असलेली बोट माझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली. मुलांनी मला बघून हात हलवले. त्यांना वाटलं असेल, मॅडम आपल्याला बोलावतील. बोटीत चौघांची जागा होती.

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढंही ठेवणार नाही. घडी करून साड्यांच्या खाली टाकीन, कारण पुढचं तुम्हाला आवडणार नाही. मी एकटीच बसले, बाबा. पुलापर्यंत गेले, सावकाश परत आले, आणि रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. मला फार बरं वाटलं.