मिरचीचं पोतं आणि माझी सही

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. म्हसावदचं आपलं मिरची-मसाल्याचं दुकान मीच चालवते. दळायचं यंत्र म्हातारं झालं, लग्नसराईत गिऱ्हाइकं परत जातात. नव्या यंत्रासाठी बँकेत अर्ज केला, तर साहेबांनी संगणकात बघून नुसती नकाराची मान हलवली. मी जन्मात कुणाचं कर्ज घेतलेलं नाही! कुणीतरी माझ्याविरुद्ध कान भरले असणार, अशी माझी खात्रीच झाली. समोरच्या दुकानदाराशी मी आठवडाभर बोलले नाही.

मग कळलं, शहाद्याला छोट्या धंदेवाल्यांसाठी एक वर्ग आहे. कर्ज म्हणजे काय, पत कशी ठरते, सगळं सोप्या भाषेत आणि फुकट. फुकट म्हटल्यावर मी पर्स पोटाशी धरूनच बसले. चहासुद्धा शेजारणीनं प्यायल्यावर प्यायले. शिकवणारी बाई आपल्याच बोलीत बोलत होती, त्याचाही मला संशय. एवढं गोड बोलून ही विकतेय तरी काय? ती म्हणाली, "बँक तुमनं तोंड दखत नही, तुमनी नोंद दखस. ती आपले बी दखता येस." कर्जाची नोंद उघडायला मोबाइलवर आलेला गुप्त आकडा मी तिच्याकडे पाठ फिरवून टाकला. ती हसली. "अशेच करा. मले बी सांगू नका."

ही खोड तुमचीच. नंदुरबारच्या बाजारात तुम्ही उभे आहात, मी मागे. व्यापारी पोतं उघडतो, वर लालभडक मिरची. तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. कोपरापर्यंत हात खुपसता, तळातली मूठ बाहेर काढता, एक मिरची मोडून बी हुंगता. "वरनी मिरची दखाडाले ऱ्हास. खाले हात घाल," असं मला सांगता आणि व्यापाऱ्याचं तोंड उतरतं.

नोंद उघडली तर तिच्यात एक कर्ज होतं. बाजाराला तुमच्यासोबत यायचे ना, त्या काकांचं. त्यांनी हप्ते केव्हाच थांबवलेत, आणि जामीनदार म्हणून माझं नाव. "ताई, पैसा तुम्ही वापरा नही, पन जबाबदारी तुमनी शे," बाई म्हणाली. बाकी किती ते बँकेकडून लिहून घ्या, फेडलं तर फेडल्याचं पत्र हातात घ्या, मग नोंद पुन्हा तपासा, असंही तिनं समजावलं. माझं अर्धं लक्ष नव्हतं. कानात तुमचा आवाज होता, "साक्षीदार म्हनीसन सही करी दे, बेटा."

एसटीत बसून घरी येईपर्यंत मी तुमच्यावर नाही नाही ते आरोप केले. प्रत्येक पोत्याच्या तळाशी हात घालणारा माणूस त्या कागदाच्या तळाशी का गेला नाही? तुम्हाला सगळं ठाऊक होतं, दोस्तीपायी पोरीला पुढे केलंत, असंही म्हणून झालं. तेव्हा दुकान नुकतंच माझ्या नावावर झालं होतं, म्हणून बँकेला माझीच सही हवी होती, हे मला उशिरा आठवलं. तुम्हाला जेमतेम सही येत होती, हेही. तुमच्यासाठी तो हात मीच घालायचा होता.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. सहीच्या दिवशी दुकानात चार माणसं होती. तुम्ही मला पहिल्यांदा तुमच्या गादीवर बसवलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, "मन्ही पोर वाचस, मंगच सही करस." मी वाचत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. आबा, शेवटच्या पानावर 'जामीनदार' लिहिलेलं मी वाचलं होतं. त्यानं नेमकं काय होतं, ते मला माहीत नव्हतं. त्या गादीवर बसून विचारायची लाज वाटली, म्हणून मी ठसठशीत सही केली.