ढगाखालचं शून्य

कामरगाव, मंगळवार, दिवेलागण

डोकं तापून राह्यलं. मी घरी बसून पुण्याच्या ऑफिससाठी उपग्रहाच्या फोटोंतून हिमालयातला बर्फ मोजतो. आज अर्धा डोंगर ढगाखाली होता. साहेब फोनवर म्हणाले, "दिसत नाही ना? शून्य टाक."

कायले शून्य? ढगाखालीच तं बर्फ पडत असते! याच आकड्यांवरून उन्हाळ्यात, बर्फ वितळला का, खालच्या गावांले पुराचा इशारा जाते. अन् म्हने शून्य!

आई वांगे निवडत होती. म्हने, "टाक ना बापा, नोकरी हाय."

"आपल्या वावरावर आभाळ आलं, तं वांगे शून्य धराचे का?"

तिनं एक किडकं वांगं बाजूले टाकलं.

मी शून्याच्या जागी 'ढग' लिहून पाठवलं. शून्यच पायजे असंल, तं साहेबानं सोताच्या हातानं टाकावं अन् खाली सही करावी.