काचेचा दोष

प्रिय ठमे,

कॅमेऱ्याला आकाशासाठी फिल्टर स्वस्तातला घेऊ की महागाचा, हे तू विचारलंस त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी दोन्ही आणून पाहत बसले होते. तुझे बाबा म्हणतात, कॅलेंडरवाले फोटोंचे देतात त्याहून जास्त ही काचांवर उधळते. त्यांचं मनावर घेऊ नकोस, त्यांना फोटोपेक्षा फोटोच्या चौकटीचंच कौतुक जास्त.

स्वस्तातला प्लास्टिकचा असतो. वरचा अर्धा काळसर, खालचा पारदर्शक. उजळ आकाश दबतं आणि जमीन नीट दिसते. फक्त आकाशाला जरा जांभळट झाक येते आणि रुमालाने पुसलं तरी ओरखडे उठतात. महागडा काचेचा. रंग जिथल्या तिथे ठेवतो, पण हातातून निसटला की संपला. तू आत्ता शिकतेयस. काळी कड डोंगराच्या रेषेवर बसवायला आधी हात बसू दे, तोवर स्वस्तातलाच घे.

मी मात्र त्या बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या. तळ्यापलीकडच्या डोंगराचा फोटो घेत होते. फिल्टर कितीही वर सरकवला तरी काळोख डोंगरावर उतरायचाच. प्लास्टिकच तसलं, म्हणून महागडा आणला, तर तोही तसाच. दुकानदाराशी तावातावाने भांडले, खोटा माल गळ्यात मारलास म्हणाले. त्याने फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून खालचा अर्धा स्वच्छ असल्याचं दाखवलं, पण मी कसली ऐकतेय. तशीच तळ्यावर परत गेले. फिल्टर काढून खिशात टाकला, कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी समोर पाहिलं. डोंगराचा माथा तरीही काळाच. किती वेळ तिथेच बसून होते कोण जाणे.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. वरच्या बाजूची नजर गेली ती परत येत नाही, औषधाच्या थेंबांनी उरलेली टिकली तर टिकली. आजाराच्या नावातसुद्धा काचच निघावी याचं मला तिथे हसू आलं आणि बाबांना रडू. आता लिहितानाही वरची ओळ दिसेनाशी होते, एखादी गोष्ट दोनदा आली असेल तर चालवून घे. कॅलेंडरचं काम मी सोडलं.

हे फोनवरच सांगणार होते. पण परवा व्हिडिओ कॉलवर तुझे डोळे, कपाळ काही दिसेना. फोन साधा नीट धरता येत नाही का, म्हणून मी खेकसले आणि तू गोंधळून तो सारखा हलवत राहिलीस. ठमे, तू फोन नीटच धरला होतास. मला फार भीती वाटतेय गं. मान वर केली की अजून तू मला अख्खी दिसशील. फिल्टरचं नंतर बघू, आधी घरी ये.

वाट पाहतेय,
तुझीच
आई