श्वासावरचा भरवसा

बाबा, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगावं असंही वाटत नाही.

मी इथं नागपुरात एका वैद्यकीय महाविद्यालयात श्वासावरच्या संशोधनात काम करते. रक्तदाबाची माणसं येतात, मी त्यांना सावकाश श्वास घ्यायला शिकवते, छातीला तारा लावते आणि पडद्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके बघत बसते. श्वास आत जाताना ठोके जरा घाई करतात, बाहेर सोडताना सैल पडतात. मेंदूतून थेट पोटापर्यंत उतरणारी एक नस हे घडवते, असं आमचे सर सांगतात. प्राण हा शब्द त्यांना चालत नाही. जे मोजता येतं तेवढंच बोला, म्हणतात. पण पडद्यावर ठोक्यांची ती चढती-उतरती लाट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कन्हानचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. थंडीची पहाट आहे, आई चहा टाकते आहे, खाणीतल्या पंपावर ड्यूटीला जाण्याआधी तुम्ही उबेसाठी शेगडीजवळ मांडी घालून बसला आहात आणि माझ्या पोटावर हात ठेवून म्हणता, "इथून घे वं श्वास. छातीतून नोको घेऊ. प्राण इथं राह्यते."

अकरावीत नवं पुस्तक वाचून मी तुम्हाला ऐकवलं होतं, की प्राण म्हणजे ऑक्सिजनच. तुम्ही चिडलात. "मेलेल्या माणसाच्या नाकाले ऑक्सिजनची नळी लावली, तर उठते का तो? शिकून राहिली का पाठ करून राहिली?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात घोळतो.

पुढे तुम्हाला रक्तदाब निघाला. गोळी सुरू झाली, आणि काही महिन्यांनी तुम्हीच ती बंद केली. आई रोज विचारायची, "गोळी घेतली काय?" तुम्ही हसून म्हणायचात, "मले काय धाड भरली? माझा श्वास आहे ना." तुम्ही खरोखरच शांत दिसायचात, त्यामुळे आम्हीही निर्धास्त झालो. मग एका सकाळी तुम्ही न्हाणीत पडलात. डोक्यात रक्तस्राव झाला होता, आणि त्यातून तुम्ही उठला नाहीत. गोळी चालू असती तर टळलं असतं का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही आणि आईनं पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं आता उकरायचं कारण म्हणजे जरीपटक्याहून आमच्याकडे श्वास शिकायला येणाऱ्या एक मावशी. ब्लाउज शिवतात, आईच्या वयाच्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा रक्तदाब मोजला तर काटा फार वर गेला. मी घाबरून विचारलं, तर म्हणाल्या, "गोळ्या सोडल्या ना मी. प्राणानं बरं वाटून राहिलं मले. तुमीच तर सांगता." हो, मीच सांगते. सर नसले की मी प्राण म्हणते, कारण नस म्हटलं की लोकांचे चेहरे कोरे राहतात. मी डॉक्टरांना बोलावून आणेपर्यंत मावशी निघून गेल्या होत्या. पुढच्या वेळी आल्या नाहीत. फोन बंद. बाबा, पुढचे दोन दिवस मला न्हाणीत पडलेले तुम्हीच दिसत होतात.

शेवटी स्कूटर काढली आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. मावशी शिलाई मशीनवर बसलेल्या दिसल्या.

"काहून आल्या मॅडम? मी ठीक आहो ना."

"श्वासानं बरं वाटतं ते खरं आहे, मावशी. पण तेवढ्यानं गोळी सुटत नाही."

"तुमच्याच मशीनीत दिसलं का नाई? ठोके कसे शांत झाले ते?"

तेव्हा मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. पहाटेचं बसणं, बंद केलेली गोळी, न्हाणी, सगळं. आमच्या घराबाहेर हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला. त्यांनी विचारलं, "आन् तुमच्या आईचं कसं झालं मंग?" मी म्हटलं, "बाबा बसायचे त्या स्वयंपाकघरात बसणं तिनं सोडलं." त्या उठल्या, तोंड धुतलं, पातळ बदललं आणि माझ्या मागं स्कूटरवर बसल्या. डॉक्टर दोघींनाही रागे भरले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि कालपर्यंत आकडा बराच खाली आला आहे. सरांनाही मी सगळं सांगून टाकलं. आता दर वर्गाच्या सुरुवातीला मी गोळीबद्दल बजावून सांगते. तरी अनोळखी नंबरवरून फोन आला की मावशींचंच काही झालं का, असं आधी वाटतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाही रक्तदाबाची गोळी सांगितली आहे. मी अजून आणलेली नाही. रोज पहाटे उठून श्वास घेत बसते आणि आज रक्तदाब उतरला असेल, अशी आशा करते. हे वाचून तुम्ही खूश झाला असता, बाबा, आणि मला त्याचीच भीती वाटते.