जुन्या कपात नवे छर्रे

३० सप्टेंबर

कारभारीचा ट्रॅक्टर आज नाल्यात जाता जाता राहिला. मागे ट्रॉलीत आक्काची अख्खी टोळी! पुलाच्या अलीकडे ड्रायव्हर भुजंगनं स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ट्रॅक्टर आपला सरळच. बाभळीच्या बुंध्याला चाक अडलं म्हणून थांबला. एका बाईचा दात पडला, बाकीच्या खरचटण्यावर निभावल्या. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण द्वारका, टोळीची मुकादमीण. ती खाली उतरून भुजंगला शिव्या देत होती म्हणे.

या बाया रोज सकाळी याच ट्रॉलीतून सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जातात. माझ्या भाषणाला पुढच्या रांगेत बसतात त्यातल्या निम्म्या.

संध्याकाळी ट्रॅक्टर ओढत फाट्यावर माझ्या गॅरेजला आणला. कारभारी स्वतः सोबत. "उद्या सकाळी पायजे, मिस्त्री." भांडायला अंगात जोर नव्हता.

१ ऑक्टोबर

स्टेअरिंगचा डबा खोलला. आत ग्रीस कुठलं, चिखल!

स्टेअरिंगचा दांडा खालच्या टोकाला एका पोलादी कड्यात फिरतो. आम्ही त्याला कप म्हणतो. दांडा आणि कप यांच्या मधे छर्रे, बारीक पोलादी गोळ्या. त्यातले बरेच फुटलेले, पण नवे होते. कप मात्र जुना, ट्रॅक्टर आला तेव्हाचा, आतून खड्डे खड्डे पडलेला. सरळ आहे. गेल्या साली कुणीतरी डबा खोलला, छर्रे बदलले, आणि कप निघेना म्हणून तसाच राहू दिला. आपल्याकडची जुनी खोड. हाताला येतं ते बदलायचं. रुतून बसलंय त्याला नमस्कार करायचा! खडबडीत कपानं नवे छर्रे वर्षात खाल्ले.

(हे भाषणात वापरायचं नाही. दिसेल त्या गोष्टीचं भाषण करायची सवय मोडली पाहिजे.)

२ ऑक्टोबर

कप निघाला नाही.

३ ऑक्टोबर

डब्याचा तळ बंद आहे. खालून ठोकायला जागाच नाही. वरून ओढून काढायच्या पुलरच्या नख्या धरत नाहीत, कड सगळी झिजलेली.

दाबानं कप वर उचलला जावा म्हणून आत ग्रीस भरून वरून दांडा ठोकला. ग्रीस माझ्या तोंडावर, कप जागेवर. मग ओला पाव ठासून तसंच केलं. ही जुनी युक्ती, पुष्कळदा लागू पडते. आज नाही. बेबीनंदा चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. "घरात चहासंगं खायला पाव न्हाई, अन् ट्रॅक्टरला चारून राह्यले!" तिच्याशी तीस वर्षांच्या संसारात एकही वाद मी जिंकलेलो नाही.

जोरात मारायची भीती वाटते. डबा ओतीव लोखंडाचा. तडकला की संपलं. डब्यासाठी नवीन जालन्यातल्या दुकानदाराला फोन केला तर तो हसला. "काका, त्या ट्रॅक्टरचं आता फक्त नाव मिळतं." डबा भंगारवाल्यांकडेही नाही; कप-छर्रे तेवढे मिळतात.

५ ऑक्टोबर

कारभारी सकाळीच हजर. "नुसते छर्रे टाका अन् द्या. गेल साली तसंच केल्तं."

"त्याचं फळ नाल्यापाशी दिसलं ना?"

"सोयाबीन वाळलंय. वरून आभाळ येऊन राह्यलं. माझी सोंगणी थांबलीय, तातेराव!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. माणसाचा जीव म्हणजे काय, मजूर बाईचा जीव स्वस्त का, ट्रॉलीत बसवताना तिला कधी कोणी विचारलं का, ट्रॅक्टरला टपाची सावली आणि ट्रॉलीला साधा कठडाही का नाही... पाना हातात घेऊन बोलत सुटलो. फाट्यावर चहा पिणारी माणसं येऊन उभी राहिली. कारभारीनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं? माईक न्हाई इथं. हळू बोललं तरी ऐकू येतं."

आणि ट्रॅक्टर ठेवून गेला. दुसऱ्या मिस्त्रीकडे ओढून नेऊ शकला असता. का नाही नेला, कळत नाही.

६ ऑक्टोबर

आज आक्का आली. कंबरेला पदर खोचलेला, म्हणजे भांडायलाच.

"तात्या, तुझ्या त्या कपापायी बाया घरी बसून हायेत."

"आक्का, मेल्या असत्या."

"मेल्या न्हाईत ना? मंग!"

"या खेपेला वाचल्या. पुढच्या खेपेला..."

"पुढची खेप तू येऊ दिली तर ना. आमच्या जिवाचं भाषण चौदा तारखेला कर. आत्ता गाडी दे. जिचा दात पडला तीच पहिली चढतीय का न्हाई बघ."

मी म्हणालो, हे तुमच्याच भल्यासाठी... तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"तुला कोनी इचारलं व्हतं का, आम्हाला वाचव म्हणून?"

मी कारभारीला ठणकावून विचारलेला प्रश्न हाच. कोणी विचारलं का त्यांना! मीही विचारलं नव्हतं. तरी गाडी दिली नाही. ती पाणी न पिता गेली.

एवढं वाचलं. भाड्यानं आणून, मागून, रद्दीतून काढून वाचलं. गावोगाव बोललो. सख्ख्या बहिणीपुढे एक धड वाक्य उभं राहिलं नाही.

७ ऑक्टोबर

थकलोय.

८ ऑक्टोबर

समितीतला पोरगा प्रेम आला. चौदा तारखेचा, धम्मदीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम. बाकीच्या गावांत दसऱ्याला करतात. आपल्या वस्तीत तारीखच पाळायची, तिथी नाही, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी भांडून ठरवून घेतलं होतं. प्रेम पायानं माती उकरत म्हणाला, "काका, यंदा जरा आटोपशीर घ्या. पोरं कटाळतात. नंतर गाण्यांचा कार्यक्रम हाय."

बरं म्हणालो. पूर्वी असं बरं म्हणालो नसतो. पोरगं बिचारं चपापलं. त्याला वाटलं असणार मी ओरडेन.

९ ऑक्टोबर

गॅसनं डबा तापवला. कपासोबत डबाही तापतो, दोघं मिळून फुगतात, उपयोग शून्य. ग्राइंडरनं कपाला खाच पाडली, छिन्नी लावली, घण घातला. तिसऱ्या की चौथ्या घावाला डब्यावर केसाएवढी रेघ दिसली. रॉकेलनं पुसलं, भिंग लावून पाहिलं. तडा नव्हता, छिन्नीचा ओरखडा होता.

ते कळल्यावर तिथंच खाली बसलो. मनगट सुजलंय. तडकला असता तर? कारभारीचा ट्रॅक्टर मीच मारला असता, आणि वर माझं भाषण! उद्या काही करणार नाही.

११ ऑक्टोबर

नवमी. कारभारी हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ घेऊन आला. त्याच्या बापानं घेतलेला ट्रॅक्टर. नवमीला पूजा चुकली नाही म्हणे कधी. बोनट एकीकडे, चाकं एकीकडे, डबा माझ्या बाकावर. त्यानं जिथं तिथं बोट लावत कुंकू लावलं. माझ्या पान्यांकडे वळला तेव्हा मी हात धरला. "माझी हत्यारं मी पुसतो. पुजत नाही."

"तुमचं तुमच्यापाशी. पर एक ऐका. आज त्याच्यावर घण घालायचा न्हाई. नवमीला लोखंडावर लोखंड न्हाई मारत आमच्यात."

दुसऱ्या एखाद्या वर्षी यावर तासभर ऐकवलं असतं. आज मनगट उचलत नव्हतं. म्हणालो, "न्हाई मारत."

दोघं चहा पीत बसलो. मी त्या कपाकडे बघत होतो. मारायचं नाही, तर मग काय? एक उपाय ठाऊक होता, इतके दिवस टाळत होतो. कपाच्या आतून गोल वेल्डिंग फिरवायचं. कांडी जरा घसरली तर कप आणि डबा कायमचे एक होतात, त्या भीतीनं टाळला. हातोडा हातात असला की माणसाला दुसरं सुचत नाही, हेही खरं.

कारभारीला म्हणालो, डबा घट्ट धरा आणि तोंड तिकडे करा. त्यानं उपरण्यानं डोळे झाकले. डावा हात उजव्याखाली घेऊन कांडी फिरवली. एक पूर्ण फेरा. हात हलला नाही. कसा हलला नाही कोण जाणे!

मग थांबलो. लाल रंग गेला, करडा झाला. चिमट्यानं डबा उचलून वाळूवर पालथा केला. टक. कप आपोआप खाली. घाव नाही, जोर नाही.

कारभारी हात जोडून उभा. "नवमीचा गुण!"

"पोलाद निवताना आखडतं, कारभारी. शाळेतलं विज्ञान आहे."

"आखडंना का! पर नवमीलाच आखडलं ना?"

हसू आलं. या महिन्यातलं पहिलंच.

१२ ऑक्टोबर

नवा कप, नवे छर्रे. जोडून दिला. स्टेअरिंग एका बोटानं वळतं. कारभारीला म्हणालो, डोळे झाकून चालवा. झेंडूच्या माळा घालून दसऱ्याचा ट्रॅक्टर घरी गेला.

१३ ऑक्टोबर

आज कारभारीच्या वावरात हार्वेस्टर! परप्रांतातले, पाखरांसारखे एकामागोमाग आलेत. मी गेलो तेव्हा अर्धं वावर साफ.

"ट्रॅक्टर यायच्या आधीच बोलून ठेवल्तं," कारभारी खाली बघून म्हणाला. "बाया यायला तयार होत्या. पर नेऊ कशात, सांगा?"

दुपारपर्यंत सगळं संपलं. शेजारच्या दोघांनीही तोच हार्वेस्टर धरला. टोळीचा हंगाम माझ्या बाकावर पडून राहिला. मी बरोबर होतो. अजूनही म्हणतो, बरोबर होतो! आणि बायांचं काम गेलं. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतील असं भाषण मला येत नाही.

आक्का वाटेत भेटली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नुसती बाजूनं निघून गेली.

१४ ऑक्टोबर

उजाडता आक्का दारात. नदीपलीकडच्या पाणथळ वावरात हार्वेस्टर रुततो. ते काम तिनं टोळीसाठी धरलं, आणि कारभारीकडून ट्रॅक्टरही मिळवला. भुजंग त्या दिवसापासून भ्यालाय, बसत नाही. "तूच चल."

"आक्का, आज चौदा तारीख!"

"मला काय ठावं न्हाई का? सोयाबीनला ठावं न्हाई. शेंगा फुटून राह्यल्या."

प्रेमला निरोप दिला: भाषण तू कर, पाहिजे तेवढं लांब कर.

बाया चढल्या. किल्ली फिरवणार, तोच उतरलो आणि स्टेअरिंगचे सगळे नट पुन्हा आवळून पाहिले. मग आणखी एकदा.

"काय रे तात्या," आक्का ट्रॉलीतून म्हणाली, "तुझंच काम, अन् तुलाच भ्याव?"

"हो," म्हणालो.

ती ट्रॉलीतून उतरली आणि माझ्या शेजारी मडगार्डवर येऊन बसली.